बारावी कॉमर्स झालेला मुलगा डायरेक्ट धंदा करायचं म्हणायलाय, शाळेत शिकवलेलं पुरतं का?

होटगीरोडची_ताई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. आमचे चिरंजीव यंदा बारावी कॉमर्स पास झाले, ७८ टक्के, बुक कीपिंगला चांगले मार्क आहेत. आम्हाला वाटलं आता बीकॉम करेल, पुढं बघू. तर हा म्हणतो कॉलेज नको, शेंगा चटणीचा धंदा करतो. माझ्या सासूबाईंच्या हाताची चटणी खरंच चांगली असते, पुण्या-मुंबईचे पाहुणे डबे भरून नेतात, तिथनं त्याच्या डोक्यात आलं. पण आमच्या दोन्ही घरांत कुणी कधी धंदा केलेला नाही. मिस्टर इथं सोलापुरातच टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, मी अंगणवाडीत.
मी त्याचं वाणिज्य संघटनाचं पुस्तक काढून वाचलं. 'उद्योजकता विकास' म्हणून आख्खा धडा आहे त्यात. उद्योजकाचे गुण, कार्यं, सगळं आहे. मग मी त्याला विचारलं, की बाबा शंभर पाकिटं बनवून विकायची तर खिशातनं आधी किती जातील? तर गप्प बसला. म्हणाला आई तसं गणित नव्हतं आम्हाला.
म्हणून विचारते, कॉमर्स शिकून पोरं धंद्याला तयार होतात का हो? पुढं बीकॉम का बीबीए, का एवढ्यावरच धंद्यात उतरू द्यावं? ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणानं सांगा.

कडकभाकरी
ताई आधी चटणी पाठवा मग सल्ला देतो.

जुनामाग
मी साखर पेठेतला. वडलांचे आठ माग होते, मी ते चोवीसवर नेले आणि आता परत दहावर आलोय, त्यामुळे चढ पण बघितलाय आणि उतार पण. शिक्षण माझं दहावी. कॉमर्सचं पुस्तक कधी हातात धरलं नाही. धंदा मला सुताच्या दुकानातल्या बाकड्यावर शिकायला मिळाला. वडील मला शाळा सुटल्यावर तिथं बसवायचे, काही बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. कोण रोख नेतं, कोण उधार नेतं, उधारवाल्याला भाव कसा वर लावतात, कुणाला नाही म्हणताना चहा पाजतात, हे सगळं तिथं बघितलं. पुस्तकात हे येणार कुठनं? माझं स्पष्ट मत, पोराला तीन वर्षं कॉलेजात घालवण्यापेक्षा नव्या पेठेत एखाद्या दुकानात सहा महिने नोकरीला लावा. पगार नाही मिळाला तरी चालेल.

पाटी_पेन्सिल
मी ज्युनिअर कॉलेजला कॉमर्स शिकवते, बावीस वर्षं झाली, म्हणून उत्तर देणं भाग आहे. ताई तुमच्या मुलानं सांगितलं ते खरं आहे, पण अर्धं खरं आहे.
बारावीला वाणिज्य संघटनात व्यवस्थापनाची तत्त्वं येतात, फेयॉलची चौदा, टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापन, मग उद्योजकता विकास, बँक-विमा-वाहतूक-गोदाम अशा सेवा, ऑनलाइन व्यवसाय, ग्राहक संरक्षण, मार्केटिंग. विषय वाईट नाहीत. पण ऐंशी मार्कांचा पेपर आणि वीस मार्कांचं अंतर्गत, यात पोरगं काय करतं? 'उद्योजकाची कार्ये स्पष्ट करा' याचं उत्तर पाठ करतं. आम्ही पण तसंच करून घेतो कारण निकाल मागतात. प्रोजेक्ट म्हणून दुकानाला भेट द्या असं सांगितलं की झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो, पंधरा पोरांचा एकच. मला याचं खरंच दुःख होतं, कारण त्याच वीस मार्कांत मुलाला एखादी वस्तू विकायला लावता आली असती.
पण बुक कीपिंगला मी नावं ठेवू देणार नाही. जुनामाग काका, तुम्ही बाकड्यावर जे शिकलात त्यातलं 'कुणाकडे किती अडकलेत' हे लिहून ठेवण्याचं शास्त्रच आहे ते. फरक एवढाच की आम्ही काल्पनिक 'अ' आणि 'ब' भागीदारांवर शिकवतो.

अक्कलकोट_रोड
भागीदारांवरून माझी गोष्ट सांगतो, टीचर मॅडमना बरं वाटेल आणि वाईट पण वाटेल.
मी आणि माझा वर्गमित्र, दोघं कॉमर्सचे, एमआयडीसीत टॉवेलवर एम्ब्रॉयडरीचं युनिट टाकलं. मशीन घेतलं त्यात माझे सात लाख आणि त्याचे दोन लाख. वर खेळतं भांडवल कमी पडलं तेव्हा मी अजून दीड लाख उसने दिले. दिवसभर मी युनिटवर, तो संध्याकाळी यायचा. करार लिहिलाच नाही. मित्रच आहे की, कागद कशाला. तीन वर्षांनी फाटलं. मी म्हणालो माझे पैसे जास्त, मेहनत जास्त, नफा जास्त पाहिजे. तो वकिलाकडं गेला आणि वकिलानं १९३२ चा भागीदारी कायदा दाखवला, करार नसेल तर नफा तोटा समान, भागीदाराला पगार नाही, भांडवलावर व्याज नाही, उसन्या रकमेवर सहा टक्के व्याज. संपलं.
आता गंमत बघा, हेच मी बारावीला एका वाक्यात उत्तरे मध्ये लिहिलं होतं. 'करार नसल्यास भागीदाराच्या कर्जावर ६ टक्के व्याज'. मार्क पण मिळाला होता. पण ते माझ्यासाठी लिहिलंय असं कधी वाटलंच नाही. त्यामुळं शिकवत नाहीत असं मी म्हणणार नाही. शिकवतात, पण ते आपल्या आयुष्याला लागतं हे कुणी सांगत नाही.

मी_विडीघरकुल
मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.
जुनामाग काका, तुम्हाला बाकडं होतं. वडलांचे आठ माग होते. सुताचा दुकानदार तुमच्या वडलांना ओळखत होता म्हणून तुम्हाला बसू दिलं. माझी आई विडी वळायची. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. आमच्या घरी धंदा म्हणजे काय तर आठवड्याला कारखान्यात विड्या जमा करायच्या, छाटात, म्हणजे खराब म्हणून बाजूला, किती गेल्या ते ऐकायचं आणि हातात येईल ते घ्यायचं. भाव ठरवणं, नाही म्हणणं, हिशोब विचारणं हे आमच्या घरात कुणी कधी केलंच नव्हतं. मला कुठल्या दुकानानं बाकड्यावर बसवलं असतं? त्यात मी मुलगी.
मी बारावीला किमान कौशल्य, म्हणजे व्यवसाय शिक्षणाचा कोर्स, घेतला होता, गारमेंटचा. तिथल्या बाईंनी एक दिवस शाळेच्या गणवेषाचा एक शर्ट पूर्ण उसवायला लावला. कॉलर, कफ, पाठ, बाह्या, बटणं, कॅनव्हास सगळं टेबलावर मांडलं आणि प्रत्येकाची किंमत लिहायला लावली. कापड किती मीटर, धागा किती, बटणं किती, शिवणारीला किती, काज-बटणवाल्याला किती, इस्त्री, पिशवी. मग म्हणाल्या आता सांगा दुकानात हा केवढ्याला विकतात आणि मधले पैसे कुठं गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्या आईच्या हजार विड्यांमधले मधले पैसे कुठं जातात. रात्री झोप नाही आली मला.
आज माझ्याकडं अकरा शिलाई मशीन आहेत, युनिफॉर्म शिवून देतो आम्ही. सगळ्या बायका आमच्या विडी घरकुलातल्याच, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या. माझं बीकॉम नाही. पण शाळा नसती तर मी आज दुसऱ्याकडं पीस रेटवर बसले असते. ज्यांच्या घरात धंदा आहे त्यांना शाळा कमी महत्त्वाची वाटते. ज्यांच्या घरात नाही त्यांना धंद्याची तोंडओळख दुसरं कोण करून देणार? ताईंच्या घरी पण नाही. म्हणून मी म्हणते शिकू द्या त्याला.

पाटी_पेन्सिल
@मी_विडीघरकुल, तो शर्ट उसवायचा तास मी माझ्या वर्गात घेणार आहे. शर्ट नाही तर वडापाव उसवू. परवानगी द्या.

मी_विडीघरकुल
मॅडम परवानगी कसली, आमच्या बाईंना किती बरं वाटलं असतं.

जुनामाग
पोरी तुझं बरोबर आहे. मी बाकड्याचा विचार केला, बाकड्यावर कुणी बसवलं त्याचा केला नाही. माझा शब्द मागं घेतो. पण कॉलेजात तुझ्या बाईंसारख्या किती असतात ते पण सांग.

भागवत_टॉकीज_समोर
वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, १८८२ चा जन्म. पदवी न घेताच रेल्वेच्या कंत्राटात शिरले आणि पुढं जहाज, विमान, मोटारी सगळं केलं. मुद्दा संपला.

हुरडा_पार्टी
नाही संपला मुद्दा. वालचंद पेढीवर वाढले. घरात कापसाचा आणि सावकारीचा व्यवहार, येणं-जाणं व्यापाऱ्यांचं. बाकडंच ते, फक्त मोठं. आणि पहिली कंत्राटं घेतली ती फाटकांच्या जोडीनं, ज्यांना रेल्वेतलं कामकाज माहीत होतं. पुढं १९१९ ला सिंदिया ही जहाज कंपनी, १९४० ला बंगळूरला विमानाचा कारखाना, १९४१ ला विशाखापट्टणमला जहाजबांधणी, दर वेळी ज्याला ते काम येतं असा माणूस शोधून बरोबर घेतला. मला तरी यातनं 'कॉलेज सोडा' हे दिसत नाही. जाणकार जोडीला घ्या, हे दिसतं.

खतावणी
मी कर सल्लागार आहे, दत्त चौकात बसतो. ताईंच्या प्रश्नावर कामाचं काही सांगतो, बाकी चर्चा चालू द्या.
मुलाला अठरा पूर्ण आहेत का? नसतील तर त्यानं सही केलेला करार कायद्यानं टिकत नाही, चालू खातं त्याच्या एकट्याच्या नावानं निघणार नाही, सरकारी कर्जाच्या योजनेत अर्ज नाही. तोवर तुमच्या नावानं करा.
खाण्याची वस्तू आहे म्हणजे अन्न सुरक्षेची नोंदणी पाहिजेच. छोट्या धंद्याची बेसिक नोंदणी वर्षाला शंभर रुपये फी, ऑनलाइन होते. एजंट दोन-दोन हजार मागतात, देऊ नका. पाकिटावर वस्तूचं नाव, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकते, एमआरपी, बनवणाऱ्याचा पत्ता, चौदा अंकी नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी हिरवा ठिपका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, तिलाही पैसे मागणारे भेटतील. जीएसटी, फक्त माल विकत असाल तर चाळीस लाख उलाढालीपर्यंत लागत नाही, पण दुसऱ्या राज्यात माल पाठवला तर पहिल्या रुपयापासून लागतो. हैदराबादला मावशी आहे म्हणून तिथल्या दुकानात माल टाकू असं पोरं करतात, तिथं अडकतात.
आणि पदवीचं म्हणाल तर पंतप्रधान रोजगार निर्मितीच्या योजनेत उत्पादनाचा दहा लाखांवरचा प्रकल्प असेल तर अट आठवी पास एवढीच आहे. त्याच्या खाली तीही नाही. प्रकल्प अहवाल मात्र लागतो, आणि तो माझ्याकडं दर महिन्याला बीकॉम झालेली पोरं लिहून घ्यायला येतात. विचारतो की महिन्याला किती माल विकाल, तर म्हणतात सर तुम्हीच टाका काहीतरी. मी टाकत नाही, परत पाठवतो.

कोथरूडकर_मूळचा_सोलापूरचा
दिल्लीत सरकारी शाळांमध्ये २०१९ ला उद्योजकतेचा वेगळा तास सुरू केला होता, आणि २०२१ पासून अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी दोन हजार रुपये देऊन गटागटानं खरा धंदा करायला लावला. आपल्याकडं असं काही का होत नाही?

जुनामाग
बुडाले तर परत मागायचे का दोन हजार?

कोथरूडकर_मूळचा_सोलापूरचा
नाही काका, परत द्यायचे नव्हते. तेच बरं आहे त्यात. पोराला बुडायची भीती न बाळगता पहिला झटका खाता येतो.

जुनामाग
मग चांगलंय. फक्त बुडाले कसे ते लिहून घ्या त्याच्याकडनं.

गड्ड्याचा_पाळणा
आपल्याकडं गड्डा यात्रा आहे की! जानेवारीत महिनाभर होम मैदानावर गर्दी असते. कॉमर्सच्या पोरांना तिथं दोन दिवस कुणाच्या तरी स्टॉलवर उभं केलं तरी अख्खं मार्केटिंग कळेल. मी कॉलेजात असताना चुलत्याच्या भेळेच्या गाड्यावर उभा राहायचो. पहिल्या दिवशी मला चुलते म्हणाले, गिऱ्हाइकाकडं बघून आवाज दे, भेळीकडं बघून नको. अजून लक्षात आहे. आता मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान आहे माझं आणि नवीन पोरगं ठेवलं की हेच सांगतो.

कडकभाकरी
चटणी मिक्सरची का खलबत्त्याची? याच्यावर धंदा चालणार का नाही ते ठरतं. मिक्सरमध्ये भुगा होतो, तेल सुटत नाही. कुटलेली चटणी बोटानं दाबली की गोळा झाला पाहिजे.

होटगीरोडची_ताई
कुटलेलीच. सासूबाई मिक्सरला हात लावू देत नाहीत. पण धंद्याला कांडप यंत्रावर करून आणायचं म्हणतोय.
सगळ्यांचे आभार हो, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री त्याला हा धागा वाचायला दिला. त्या शर्टाच्या गोष्टीवर बराच वेळ बसला होता. मग आज वही घेऊन आला, चटणी उसवली म्हणाला. हे त्याचं गणित जसंच्या तसं देते. दहा किलो शेंगदाणे १४० नं १४००, तिखट ३००, लसूण २००, जिरं मीठ १००, कांडप ४००. भाजून, फोलपट जाऊन ११ किलो चटणी. पाव किलोची ४४ पाकिटं, पाऊच ६ रुपये म्हणजे २६४, लेबल २ रुपये म्हणजे ८८. एकूण २७५२. एक पाकीट साडेबासष्टला पडतं, ८० ला विकणार, साडेसतरा सुटतात. बरोबर आहे का?

खतावणी
मांडणी व्यवस्थित आहे, शाबास म्हणा त्याला. आता तीन प्रश्न विचारा. शेंगा भाजायचा गॅस कुठं लिहिला? दुकानदार किती ठेवून घेणार? आणि त्याची स्वतःची मजुरी?

अक्कलकोट_रोड
दुकानदार पाकिटामागं पंधरा तरी मागणारच. म्हणजे त्याच्या हातात ६५, सुटले अडीच रुपये. पेट्रोल घातलं की गेलं सगळं. शेंगदाणे किरकोळीनं घेऊ नका, मार्केट यार्डात पोतं घ्या, किलोला पंधरा तरी कमी पडतील. आणि सुरुवातीला दुकानं कमी, ओळखीतली घरं आणि ऑफिसं जास्त धरा.

मी_विडीघरकुल
मजुरी लिहायला लावाच ताई. दिवसाला शंभर का असेना पण लिहू द्या. आजींची पण. आमच्याकडच्या बायका सुरुवातीला स्वतःचं काम धरायच्याच नाहीत, 'घरचंच तर आहे' म्हणायच्या. ज्याचं काम वहीत नाही त्याचे पैसे कधीच येत नाहीत, हे मी आईकडं बघून शिकले.

नवीपेठ_नववधू
थोडं अवांतर, पण मुलींना कुणी विचारत नाही की तू धंदा करणार का. आमच्या वर्गात बीकॉमला निम्म्याहून जास्त मुली होत्या, पहिल्या पाचात सगळ्या मुलीच. आज त्यातल्या एकीचाही स्वतःचा धंदा नाही, सासरच्या दुकानाचे हिशोब मात्र तिघी बघतात. गल्ल्यावर नवरा बसतो.

हुरडा_पार्टी
अवांतर अजिबात नाही. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

युनिफॉर्मवाला
मी पण युनिफॉर्मच्या लाईनचा. एक गोष्ट कुठल्याच वर्गात नीट शिकवत नाहीत ती म्हणजे उधारी. आमचा सीझन बघा, कापड जानेवारी-फेब्रुवारीत घ्यायचं, शिवून मे-जूनला माल द्यायचा, आणि पैसे कधी तर दिवाळीच्या आसपास. मधे कारागिरांना दर शनिवारी रोख लागतात. माझा पहिल्या वर्षी कागदावर पावणेदोन लाख नफा होता आणि मी बायकोच्या पाटल्या गहाण टाकून पगार केले. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यानं तीन लाख दहा महिने लटकवले, फोन उचलायचा बंद झाला. नंतर कळलं की २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे, उद्यम नोंदणी असेल तर तक्रार करता येते. माझी नोंदणीच नव्हती तेव्हा.
मी बीबीए आहे हां. कॅश फ्लो, म्हणजे पैशाची आवक-जावक, यावर आम्हाला वीस मार्कांचा प्रश्न होता. पण शनिवार नव्हता त्यात. दारात बारा माणसं उभी आहेत आणि डब्यात पैसे नाहीत, हे कसं शिकवायचं मला पण माहीत नाही, पण निदान ज्याच्यावर हे आलंय त्याला वर्गात बोलवून बोलायला लावा. मी फुकट येईन.

पाटी_पेन्सिल
@युनिफॉर्मवाला, मला व्यनि (खासगी निरोप) करा. खरंच बोलावणार आहे, ऑगस्टमध्ये.
आणि ताई, माझं मत विचाराल तर बीकॉम सकाळच्या सत्रात घ्या. अकराला मुलगा मोकळा. बीबीएला २०२४ पासून सीईटी आहे आणि फी पण जास्त असते. बीकॉममधलं कॉस्टिंग आणि टॅक्स त्यानं स्वतःच्या चटणीवर लावून बघितलं तर वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा त्याला जास्त समजेल. प्राध्यापकांना प्रश्न विचारून भंडावून सोडेल, सोडू दे.

भागवत_टॉकीज_समोर
दोन दगडांवर पाय. एक काहीतरी धड करा.

अक्कलकोट_रोड
अठराव्या वर्षी दोन दगड असलेले बरे हो. चाळिसाव्या वर्षी एकावर उभं राहायचं असतंच.

होटगीरोडची_ताई
दीड महिन्यानं परत येतेय, धागा वर काढल्याबद्दल माफ करा. पण तुम्ही एवढं सांगितलं तर काय झालं ते सांगायलाच पाहिजे.
सकाळचं बीकॉम घेतलं. नोंदणी माझ्या नावानं झाली, शंभर रुपयांतच. तीन खेपा केल्या, १३२ पाकिटं. पहिल्या खेपेचे शेंगदाणे १४० नंच घेतले, पुढच्या दोन्ही वेळा मिस्टर त्याला यार्डात घेऊन गेले, १२५ नं मिळाले. ९० पाकिटं आमच्या बिल्डिंगमध्ये, कारखान्यात आणि माझ्या अंगणवाडीच्या बायकांत ८० नं रोख गेली. ३० तीन दुकानांत ६५ नं दिली, त्यातल्या एका दुकानाचे दहा पाकिटांचे ६५० अजून यायचेत. १२ पाकिटं चव बघायला वाटली, त्यातलं एक मी इथल्या कडकभाकरींना पाठवलं.
काल रात्री त्यानं ताळा मांडला. विक्री ९१५०. माल ७९५६. पेट्रोल ४००. गॅस आणि मजुरी वेगळ्या पानावर लिहिलीत, आजीच्या नावानं पण, अजून दिली नाही कुणाला. मला म्हणाला, आई नफा ७९४ आहे पण लावलेले पैसे बाजूला काढले तर डब्यात १४४ च आहेत. मग स्वतःच म्हणाला, ६५० त्या दुकानात आहेत. आणि हसायला लागला, म्हणाला हे बुक कीपिंगला ऋणको म्हणून लिहायचो आम्ही, हा ऋणको कसा दिसतो ते आता कळलं. सासूबाईंना काही कळलं नाही पण त्या पण हसल्या.

कडकभाकरी
चटणी मिळाली. गोळा होतो. लसूण अजून थोडा चालेल.

मी_विडीघरकुल
आजीच्या नावाचं पान आहे हे वाचून डोळ्यांत पाणी आलं ताई. पहिले पैसे त्यांना द्यायला सांगा.

जुनामाग
ते ६५० मागायला त्यालाच पाठवा, तुम्ही किंवा मिस्टर जाऊ नका. सकाळी बोहनीच्या आधी अजिबात नको, दुकानदार तोडून बोलेल आणि पोराला लागेल. संध्याकाळी सात-साडेसातला, गल्ला भरलेला असताना. आधी नवीन पाकीट हवं का विचारायचं, मग जुन्याचं काढायचं.

होटगीरोडची_ताई
काका, आज संध्याकाळी गेला होता. ३२५ मिळाले, उरलेले सोमवारी या म्हणाले. आणि अजून दहा पाकिटं मागितलीत. द्यायची का?

जुनामाग
द्या की. रोखीनं.